‘फादर’ वगळून

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याविषयी मी बराच काळ एक वाक्य बोलत आले. ‘ते आधी साहित्यिक आहेत, धर्मगुरू असणं हा त्यांचा खासगी भाग झाला.’ पुण्याच्या मावसभावाशी फोनवर भांडताना, लग्नाच्या पंगतीत, बडोद्यातल्या आमच्या अकोट्याच्या वाचनगटात, सगळीकडे मी हे अगदी मनापासून म्हटलं आहे. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या आहेत. आता मात्र ते मला म्हणवत नाही. त्या वाक्यात फादरांबद्दल प्रेम होतं, आदर होता, आणि म्हणूनच त्यात काही कमी आहे असं कधी वाटलं नाही.

प्रसंग साऱ्यांना आठवत असेल. सप्टेंबर २०१९मध्ये उस्मानाबादच्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर दिब्रिटो यांची निवड झाली आणि गदारोळ उठला. ख्रिस्ती धर्मगुरू, मिशनरी माणूस, मराठी सारस्वताच्या खुर्चीवर कसा? साहित्य महामंडळाच्या पदाधिकाऱ्यांना धमक्यांचे फोन आले. उद्घाटक ना. धों. महानोर यांनाही ‘तुम्ही जाऊ नका’ असं सांगण्यात आलं. महानोर गेले. जानेवारी २०२०मध्ये संत गोरोबाकाकांच्या नावाने उभारलेल्या साहित्यनगरीत संमेलन भरलं. पाठीच्या दुखण्याने बेजार असतानाही फादर तिथे आले आणि अध्यक्ष म्हणून बोलले.

आम्हा बडोदेकरांना त्या वादाचा जरा जास्तच त्रास झाला. फेब्रुवारी २०१८चं ९१वं संमेलन आमच्याच गावात भरलं होतं. त्याआधीचं बडोद्यातलं संमेलन १९३४चं, म्हणजे इथल्या दोन पिढ्या संमेलनाची वाट पाहत गेल्या. त्या तीन दिवसांत दांडियाबाजारापासून अकोट्यापर्यंत जो तो मराठी माणूस घरचं कार्य असल्यासारखा वावरत होता. मराठी कुणाची, तर जो तिच्यात राबतो त्याची, असं आम्ही महाराष्ट्राबाहेर राहणारे मराठी लोक फार जिवापाड मानतो, कारण आमचा स्वतःचा हक्कही त्यावरच उभा आहे. दोनच वर्षांत कुणीतरी उठून ‘हा आपला नाही’ म्हणतंय, हे आम्हाला सहन होण्यासारखं नव्हतं. म्हणून मी ते वाक्य हाती घेतलं. साहित्य बघा, माणूस बघा, धर्म बाजूला ठेवा.

धर्म बाजूला ठेवा, हे आमच्या घराण्याचंच वळण आहे म्हणा ना. माझे आजोबा सयाजीराव महाराजांच्या राज्यात वाढले. सक्तीचं प्राथमिक शिक्षण, गावोगावची ग्रंथालयं, जातीपातीविरुद्धचे कायदे, या गोष्टी आमच्याकडे जेवताना बोलल्या जात. देव देवघरात, बाहेर माणुसकी. मिशनच्या शाळा आणि दवाखान्यांबद्दल वडील चांगलंच बोलत, पण शेवटी ‘बाकी त्यांचा हेतू वेगळा’ असं हलक्या आवाजात जोडत. ते ऐकतच मी मोठी झाले. पुढे मी स्वतःला वडिलांपेक्षा पुढारलेली समजू लागले, कारण मी हेतूचा संशय घेत नव्हते. मी हेतूकडे बघतच नव्हते.

शेजारी गुजराती. त्यांच्याकडे फादर वालेस यांची पुस्तकं असत. कार्लोस वालेस मूळचे स्पेनचे, जेझुइट पंथाचे. १९४९मध्ये भारतात आले, अहमदाबादच्या सेंट झेवियर्समध्ये गणित शिकवलं, गुजरातीत सत्तरहून अधिक पुस्तकं लिहिली. कित्येक वर्षं ते अहमदाबादच्या पोळांमधून, म्हणजे जुन्या मोहल्ल्यांमधून, एका घरातून दुसऱ्या घरात पाहुणे म्हणून राहत आले. जे ताटात पडेल ते खात, सायकलवरून कॉलेजला जात. नोव्हेंबर २०२०मध्ये ते माद्रिदला वारले, तेव्हा आमच्या सोसायटीतल्या काकी रडल्या. मुलांना वाढवावं कसं, संसारात एकमेकांचं ऐकावं कसं, हे आपल्याला त्यांनी शिकवलं, असं त्या सांगत होत्या. फादर वालेस ज्याच्यासाठी घरदार सोडून आले त्याचं नाव मात्र काकींच्या बोलण्यात आलं नाही. मला तेव्हा ते खटकलं नाही. मला तेच सुसंस्कृतपणाचं वाटलं.

२५ जुलै २०२४ला फादर दिब्रिटो गेले. वय ८१. वसईतल्या नंदाखाल गावी १९४२मध्ये जन्म, त्याच गावच्या चर्चमध्ये अखेरचा निरोप. पावसामुळे आमची शोकसभा लगेच झाली नाही. पुढे एका सदस्याच्या घरी दहा-बारा जण जमलो. ठराव मी लिहिला होता. ‘सुवार्ता’ मासिकाचे १९८३ ते २००७ असे जवळजवळ पाव शतक संपादक, हरित वसई चळवळीचे नेते, ‘सुबोध बायबल’साठी साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळवणारे लेखक, सहिष्णुतेचा आवाज. मी वाचून दाखवला. सगळ्यांना आवडला.

आमच्या गटात एक मावशी आहेत. मूळच्या नगरकडच्या, यजमानांच्या रेल्वेतल्या नोकरीमुळे बडोद्याला आल्या आणि इथल्याच झाल्या. प्रोटेस्टंट आहेत. फारसं बोलत नाहीत. त्या दिवशी चहा झाल्यावर म्हणाल्या, “ताई, तुम्ही सगळं छान लिहिलंत. पण ते सकाळी उठून कुणाचं नाव घ्यायचे, ते राहिलं.”

मी म्हटलं, मावशी, ते तर सगळ्यांना ठाऊकच आहे.

“ठाऊक आहे म्हणून वगळलं, असं वाटलं नाही मला,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी त्यांच्या लहानपणीच्या पाळकसाहेबांची गोष्ट सांगितली. सायकलवरून वस्त्यांवर जाणारे, पगार तुटपुंजा, घरात पोरंबाळं. आजारी माणसाच्या उशाशी बसून प्रार्थना करायचे, दारुड्या नवऱ्यांना रात्री घरी आणून सोडायचे, प्रेताला खांदा द्यायला जातपात न बघता हजर व्हायचे. ते गेले तेव्हा तीन गावांची माणसं आली. “त्यांनी झाड वाचवलं नाही, पुस्तक लिहिलं नाही, संमेलनात गेले नाहीत. तुमच्या ठरावात त्यांच्यासाठी काय लिहाल?”

माझ्याकडे काही नव्हतं. माझ्या मोजमापात त्या माणसाची किंमत शून्य येत होती आणि ती शून्य नाही हे तर डोळ्यांसमोर दिसत होतं, कारण साठ वर्षांनंतर ही बाई त्यांच्यासाठी डोळे पुसत होती. घरी आल्यावर मी विचार करत राहिले. फादर दिब्रिटोंच्या कामातून मी धर्मगुरू काढून टाकला तर बाकीचं जागच्या जागी उभं राहतं का? तोवर मी हे गृहीतच धरलं होतं. तपासून कधी बघितलं नव्हतं.

मग ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्री नदीला पूर आला. बडोद्याने तो पूर पाहिला आहे, वर्णन नको. नदीने धोक्याची पातळी केव्हाच ओलांडली, अकोट्याच्या सखल भागात पाणी शिरलं, रस्त्यांवर मगरी आल्या. पाणी ओसरल्यावर सगळे एकच बोलत होते: नदीकाठची कोतरं, म्हणजे घळी, बुजवली, तळी बुजवली, पाण्याला जायला जागा ठेवली नाही. हे नव्याने कळलं होतं का? अजिबात नाही. इथल्या जाणकारांनी वर्षानुवर्षं लिहिलं होतं, अर्ज केले होते, हरित लवादापर्यंत गेले होते. माहिती भरपूर होती. ती माहिती घेऊन घराघरांत जाईल, ज्याला दार उघडलंच जाईल, जो जमीन विकणाऱ्याच्या आईलाही ओळखतो आणि भरणी टाकणाऱ्याच्या मुलाचं नावही ज्याने ठेवलेलं आहे, असा माणूस नव्हता.

वसईत तो होता. हे मला त्या चिखलात उभं राहून कळलं, आणि मग मी हरित वसईची हकिकत पुन्हा नीट वाचली.

वसईच्या पश्चिम पट्ट्यात केळी, पानवेली, फुलं आणि भाजीपाला पिकवणारी गावं आहेत. समुद्र जवळ, तरी विहिरींना गोडं पाणी. याचं कारण बावखलं. बावखल म्हणजे वाडीतलं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं, विहिरींना पुरतं आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्याला आत येऊ देत नाही. ही व्यवस्था कुण्या इंजिनिअरने आखलेली नव्हती, पिढ्यानपिढ्या राबणाऱ्या शेतकऱ्यांनी ती सांभाळली होती. मुंबई वाढली, विरारपर्यंत लोकल धावू लागली, बिल्डर आले. नव्या इमारतींना पाणी हवं, म्हणून टँकर आले आणि ते वाड्यांतल्या विहिरींतून भरले जाऊ लागले. शेतीपेक्षा पाणी विकण्यात पैसा जास्त. गोडं पाणी उपसलं की त्याच्या जागी खारं सरकतं, बागा जळतात, आणि जळलेली बाग विकायला मन फार मोडावं लागत नाही. १९८०च्या दशकाच्या शेवटी हरित पट्ट्यातली जमीन बांधकामाला मोकळी करण्याचा सरकारी निर्णय आला. हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली ती तेव्हा. मोर्चे निघाले, आणि ज्यांचे पैसे अडकले होते ती माणसं साधी नव्हती. त्या वेळच्या वसई-विरारमध्ये विरोध करणं म्हणजे काय होतं ते त्या भागातल्या लोकांना विचारावं.

मी हे सगळं पूर्वी ‘पर्यावरण चळवळ’ म्हणून वाचलं होतं. आता वाचताना मला त्यातला धर्मगुरू दिसू लागला. मोर्चात येणारी माणसं कुणाच्या शब्दावर आली? त्यांच्या मुलांचे बाप्तिस्मे, लग्नं, मर्तिकं ज्यांच्या हातून होत होती त्या फादर लोकांच्या. पाणी विकणारेही परके नव्हते, रविवारी मिस्साला येणाऱ्यांतलेच काही असणार. त्यांच्याविरुद्ध उभं राहायचं आणि त्यांना सोडायचंही नाही, हे बाहेरून आलेल्या कार्यकर्त्याला जमत नाही. त्याला एक बाजू निवडावी लागते. फादरला दोघांच्याही घरी जावं लागतं. टँकरवाल्याच्या घरी कुणी वारलं तरी त्यालाच जावं लागतं. फादर दिब्रिटोंचं धैर्य मी नेहमीच वाखाणत होते. पण ते एकट्याचं नव्हतं. आपण मारले गेलो तरी ज्याला आपला हिशेब द्यायचा आहे तो बिल्डर नव्हे, असं मनातून मानणाऱ्या माणसाचं ते धैर्य होतं. त्यांच्या आत्मकथनाचं नावच ‘नाही मी एकला’ असं आहे. मी ते नाव लोकांच्या साथीबद्दल आहे असं समजून बसले होते. आता वाटतं, त्यात आणखीही कुणी आहे.

मग ‘सुबोध बायबल’ हाती घेतलं. हे पुस्तक माझ्या कपाटात होतं. अनुवाद म्हणून चाळलं होतं, भाषा कशी सोपी ठेवली आहे ते बघितलं होतं, कौतुकही केलं होतं. मराठीत हे काम जुनं आहे. विल्यम केरी यांच्या सेरामपूरच्या छापखान्यातून नवा करार एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मराठीत आला. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अख्खं बायबल मराठीत आणलं; १९२२मध्ये त्यांचा मृत्यू झाला, तो ते काम हातावेगळं करूनच. त्या रांगेत फादर दिब्रिटो बसतात. वर्षानुवर्षं एका पुस्तकात जीव ओतणाऱ्याला आपण ‘भाषेची सेवा केली’ म्हणून मोकळे होतो. पण भाषेसाठी कुणी इतकं करत नाही हो. रमाबाईंनीही भाषेसाठी केलं नव्हतं.

या खेपेला मी ते चाळलं नाही, वाचलं. द्राक्षमळ्याच्या मालकाची गोष्ट आहे. सकाळपासून राबलेल्या मजुरांना आणि दिवस मावळताना आलेल्या मजुरांना तो सारखीच मजुरी देतो. सकाळचे चिडतात. मीही चिडले. मी आयुष्यभर शाळेत नोकरी केली आहे, शिक्षक संघटनेत वेतनश्रेणीसाठी बैठका केल्या आहेत. सेवाज्येष्ठता हा माझ्या दृष्टीने न्यायाचा पाया आहे. मी त्या मालकाशी मनातल्या मनात भांडले. पण मग विचार आला की दिवसभर नाक्यावर उभ्या राहिलेल्या आणि कुणीच न बोलावलेल्या मजुराच्या घरीही संध्याकाळी तितकीच तोंडं जेवायला असतात. ही गोष्ट केवळ बोधकथा म्हणून वाचणारी मी आणि ती देवाने आपल्याला स्वतः सांगितली आहे असं मानणारा माणूस, आमच्या वागण्यात फरक पडणारच. मला ती पटली तरी मी दुसऱ्या दिवशी विसरू शकते. त्याला विसरण्याची मुभा नाही.

आपण मराठी लोकांनी हे पूर्वीही केलं आहे, आणि तेही फार मोठ्या माणसाच्या बाबतीत. रेव्हरंड नारायण वामन टिळक. शाळेत मी त्यांना ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून शिकले आणि पुढे तसंच शिकवलं. ‘केवढे हे क्रौर्य!’मधल्या पक्षिणीसाठी माझ्या वर्गातल्या मुली रडल्या आहेत. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, हे आम्ही परिचयाच्या ओळीत सांगत असू, आणि लगेच फुलांकडे वळत असू. त्यांची भजनं मराठी चर्चमध्ये दर रविवारी गायली जातात. मावशींना ती पाठ आहेत. मी मराठीची शिक्षिका, मला एकही येत नव्हतं. म्हणजे एकाच कवीचे आम्ही दोन भाग केले, फुलं शाळेने घेतली आणि ज्याच्यासाठी कवी जगला ते चर्चकडे पाठवून दिलं.

टिळकांना स्वतःला अशा वाटण्या मान्य नव्हत्या. १९१७मध्ये त्यांनी मिशनची पगारी चाकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताच्या मागे येणाऱ्या प्रत्येकाला त्यात जागा होती. मिशनच्या साहेबांना ते गैरसोयीचं, हिंदू आप्तांना टिळक आधीच परके. ९ मे १९१९ला ते गेले. त्यांनी अपुरं ठेवलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पुढे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. आणि लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’! ते पुस्तक आम्ही त्यातल्या विनोदासाठी, सोशिकतेसाठी, बोलक्या भाषेसाठी डोक्यावर घेतलं. नवरा धर्म सोडून गेला म्हणून कोसळलेली बाई पुढे स्वतःच्या पायाने त्याच श्रद्धेपर्यंत चालत आली, हा त्या पुस्तकाचा कणा. त्याबद्दल मी वर्गात कधी दोन मिनिटंही बोलले नाही. मला ते अवघड वाटायचं. वर्गात कुणी काही विचारलं तर काय उत्तर द्यायचं?

हेच आपण तुकोबांच्या बाबतीत करतो का? ‘तुकाराम मोठे कवी, विठ्ठल हा त्यांचा खासगी मामला’ असं कुणी म्हटलं तर आपण त्याला वेड्यात काढू. गाडगेबाबांच्या हातातल्या खराट्याबरोबर त्यांच्या तोंडातलं गोपाला गोपालाही आपल्याला ऐकू येतं. फादर ज्या साहित्यनगरीत अध्यक्ष म्हणून बसले तिला नाव होतं गोरोबाकाकांचं, ज्यांची सगळी गोष्टच नामात देहभान हरपण्याची आहे. त्यांच्या नावाच्या मांडवात बसलेल्या माणसाचा बचाव मी ‘त्यांची श्रद्धा मोजू नका’ असा करत होते. संतांना आपण भक्तीसकट घेतो. फादरांना मात्र भक्ती दाराबाहेर ठेवून यायला सांगितलं, आणि त्यालाच मी स्वागत म्हणत होते.

भक्ती वगळून बघण्याची ही सवय मला मूर्तींच्या बाबतीतही होती. आमच्या अकोट्याच्या मातीतून गेल्या शतकाच्या मध्याला जैन कांस्यमूर्तींचा मोठा साठा निघाला. अंकोट्टकाच्या, म्हणजे जुन्या अकोट्याच्या, या मूर्तींवर डॉ. उमाकांत शाह यांनी १९५९मध्ये ग्रंथ लिहिला आणि अकोट्याचं नाव जगातल्या कलेच्या अभ्यासकांपर्यंत गेलं. सयाजीबागेतल्या संग्रहालयात जीवंतस्वामींची मूर्ती आहे, मुकुट घातलेले, अजून राजपुत्र असलेले महावीर. पाहुणे आले की मी त्यांना ती दाखवायला नेते. चेहऱ्यावरचे भाव, वस्त्राच्या चुण्या, धातूचं काम, सगळं मला सांगता येतं. यातल्या काही मूर्तींवर लेख कोरलेले आहेत. धर्मभावनेने केलेलं हे दान आहे, असं त्यांत दात्याच्या नावासह लिहिलेलं आहे. घडवणाऱ्याने आणि देणाऱ्याने ती कला म्हणून दिलीच नव्हती. संग्रहालयात ती कला होते, आणि ते योग्यही आहे. पण एखादी जैन आजी काचेपुढे हात जोडून उभी राहते तेव्हा तिला माझ्याइतकंच, कदाचित माझ्याहून जास्त दिसत असतं. हे मी पूर्वी मान्य केलं नसतं.

यावर आमच्या गटातल्या एका सरांचा आक्षेप आहे आणि तो हलका नाही. ते म्हणतात, चांगल्या कामाचं श्रेय श्रद्धेला देणार असाल तर वाईटाचंही द्या. गोव्यातलं इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, १५६०पासून १८१२पर्यंत चाललं, तेही श्रद्धेच्याच नावाने. चिमाजी आप्पांनी १७३९मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली त्यामागे उत्तर कोकणातल्या रयतेने सोसलेला धार्मिक जाचही होता. हे खरं आहे आणि मी ते टाळत नाही. ज्या वसईच्या मातीत तो जाच झाला त्याच मातीत, बहुधा त्या काळी धर्म बदललेल्यांच्याच वंशात, दोन शतकांनी हा माणूस जन्मला, मराठीत प्रार्थना करत वाढला आणि त्या भाषेच्या सर्वोच्च मानापर्यंत पोचला. श्रद्धा माणसाला कुठे नेईल याची हमी नाही. पण म्हणून तिने जिथे चांगलं केलं तिथे तिचं नावच घ्यायचं नाही, हा हिशेब प्रामाणिक नाही. दोन्ही खाती उघडी ठेवावी लागतील.

धर्मांतराबद्दलही माझं मन पूर्ण निवळलेलं नाही. अडलेल्या माणसाला मदत देताना त्याच्या देवाची किंमत मागणं मला कालही चुकीचं वाटत होतं, आजही वाटतं, मग ते कुणीही करो. मी ख्रिस्ती झालेले नाही, होणारही नाही. माझं देवघर जिथे होतं तिथेच आहे. बदललं आहे ते इतकंच की समोरच्याच्या देवघरात डोकावणं असभ्य आहे, असं मी जे मानत होते ते आता मानत नाही. त्याने दार उघडं ठेवलेलं असताना तिकडे पाठ करून उभं राहणं, हेही असभ्यच. फादरांनी तर दार उघडून पुस्तकांवर पुस्तकं लिहिली होती. ‘ख्रिस्त’ हा शब्द न लपवता ते मराठी वाचकांशी बोलत राहिले, आणि आम्ही त्यांचे चाहते तेवढा शब्द गाळून बाकीचं ऐकत राहिलो.

‘सुवार्ता’ हे चर्चचं मासिक. ते फादरांनी इतरधर्मीय लेखकांना, वाचकांना खुलं केलं. मला ते चर्चच्या बाहेर पडणं वाटलं होतं. मावशी म्हणतात, “बाहेर कुठे पडले? त्यांनी सगळ्यांना आत बोलावलं.” मावशींचं म्हणणं मला जास्त बरोबर वाटतं.

शोकसभेचा तो ठराव मी पुन्हा लिहिला. साहित्यिक, संपादक, अनुवादक हे शब्द ठेवले. त्यांच्या आधी लिहिलं: वसईच्या लोकांचे धर्मगुरू, येशू ख्रिस्ताचे सेवक, १९७२पासून अखेरपर्यंत. गटापुढे ठेवला तेव्हा सर उठलेच. म्हणाले, “बाई, हे धोक्याचं आहे. उद्या कुणीही तुमचंच बोट धरून म्हणेल की माणसाचा धर्म आधी बघा. २०१९ला ते लोक तेच तर म्हणत होते.”

मी म्हटलं, सर, त्यांनी धर्म बघितला आणि तिथेच थांबले, माणसापर्यंत आलेच नाहीत. आपण माणूस बघितला आणि त्याच्या धर्मापर्यंत गेलो नाही. फादर दोघांनाही अर्धेच दिसले.

सरांना ते पटलेलं नाही. ठरावावर त्यांनी सही केली नाही, पण ‘नाही मी एकला’ घरी नेलं आहे. वाचून झालं की पुढच्या बैठकीत त्यावर तेच बोलणार आहेत, आणि कडक बोलणार आहेत असं त्यांनी आधीच बजावलं आहे. मावशींनाही मी सांगून ठेवलं आहे की त्या दिवशी त्यांनी पाळकसाहेबांबद्दल बोलायचं, सविस्तर.